मेमरी रॅममध्ये खिळवायची: एमलॉक, एमलॉकऑल, पीलॉक की नुसता स्वॅप बंद?

ट्रेडिंगची प्रोसेस रात्रभर गप्प पडून असते आणि सकाळी ९.१५ ला एकदम कामाला जुंपली जाते. मधल्या वेळात त्याच सर्व्हरवर बॅकअप चालतो, लॉग कॉम्प्रेस होतात. मेमरी कमी पडली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) बराच वेळ हात न लागलेली पेजेस, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, स्वॅपमध्ये, डिस्कवरच्या राखीव जागेत, ढकलतो, आणि त्यात नेमकी ही प्रोसेस सापडते. मग बाजार उघडताच मेजर पेज फॉल्ट सुरू: रॅममध्ये नसलेलं प्रत्येक पेज डिस्कवरून आणावं लागतं. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. तेच पेज एसएसडीवरून आणायचं तर शंभरेक मायक्रोसेकंद, फिरत्या डिस्कवरून कित्येक मिलिसेकंद.

मुंबईच्या बीकेसीतल्या ब्रोकरची गरज ही अशी, वेळेची. पेमेंट कंपनीला काळजी असते ती एन्क्रिप्शनची किल्ली (की) डिस्कवर उतरेल याची. बँकेच्या डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) डेटाबेसचा बफर जागेवर हवा असतो. तिघांचं उत्तर एकच नाही. एमलॉक हा सिस्टम कॉल मेमरीचा ठरावीक भाग रॅममध्ये खिळवतो, एमलॉकऑल अख्ख्या प्रोसेसची मेमरी.

स्वॅपऑफ, म्हणजे मशीनचा स्वॅपच बंद करणं, सगळ्यात स्वस्त, म्हणून आधी तोच सुचतो. पण त्याने काम निम्मंच होतं. हीप आणि स्टॅक (चालू प्रोग्रामचा डेटा) स्वॅपमध्ये जायचे थांबतात. प्रोग्रामचा कोड आणि लायब्ररी मात्र फाइलवर आधारलेल्या असतात, त्यांना स्वॅप लागतच नाही. मेमरी कमी पडली की कर्नल ती पेजेस सरळ टाकून देतो आणि लागतील तेव्हा डिस्कवरून पुन्हा वाचतो. म्हणजे स्वॅप शून्य, तरी मेजर फॉल्ट आहेतच. शिवाय परिणाम अख्ख्या मशीनवर होतो आणि ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) लवकर धावून येतो. सिस्टमडीत (लिनक्सवर सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्राम) एकाच सर्व्हिससाठी मेमरीस्वॅपमॅक्स शून्य ठेवणं त्यापेक्षा बरं, पण कोडची अडचण तिथेही तशीच.

वेळेची गरज असेल तर एमलॉकऑलच घ्या. करंट आणि फ्यूचर हे दोन्ही फ्लॅग दिले की कोड, लायब्ररी, हीप, स्टॅक, शेअर्ड मेमरी असं सगळं रॅममध्ये राहतं, पुढे मॅप होणारंही. घोळ होतो तो तीन ठिकाणी. पहिलं, थ्रेडचे स्टॅक: लिनक्सवर प्रत्येकी सहसा ८ एमबी, आणि फ्यूचर फ्लॅगमुळे ते पूर्ण भरले जातात. १०० थ्रेड म्हणजे ८०० एमबी नुसते स्टॅकचे. थ्रेड बनवताना स्टॅकचा आकार स्वतः ठरवा. लिनक्स ४.४ पासून ऑनफॉल्ट फ्लॅगही आहे, त्यात पेजला पहिला स्पर्श झाल्यावरच ते लॉक होतं. अर्थात पहिल्या ऑर्डरलाच तो स्पर्श होणार असेल तर काय उपयोग! दुसरं, फोर्क (प्रोसेसची प्रत काढणं): चाइल्ड प्रोसेसकडे लॉक जात नाहीत, एक्झेक (त्याच प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवणं) केल्यावरही सुटतात. डेमन (पार्श्वभूमीत चालणारी प्रोसेस) बनण्याआधी लॉक केलं तर ते पॅरेंटबरोबरच संपतं. तिसरं, लॉक करता येणाऱ्या मेमरीची मर्यादा ओलांडली की मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) नल, म्हणजे नकार, देतो, आणि स्टॅक वाढता वाढता अडला तर थेट सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोसेस कोसळते.

पीलॉक हा सिस्टम फाइव्हचा (जुन्या युनिक्सचा) वारसा: टेक्स्ट (प्रोग्रामचा कोड), डेटा किंवा दोन्ही सेगमेंट लॉक करायचे. सोलारिस, एआयएक्सवरच्या जुन्या कोडमध्ये अजून दिसतो. लिनक्सवर तो नाही. पोर्ट करताना दोन्ही सेगमेंटच्या लॉकऐवजी एमलॉकऑल चालतो. फक्त टेक्स्ट हवं असेल तर पत्त्यांची रेंज काढून एमलॉक करावा लागतो. नव्या कामासाठी पीलॉकचा विचारही नको.

की लपवायची असेल तर अख्खी प्रोसेस लॉक करणं उधळपट्टी आहे. दोन-चार पेजेसवर एमलॉक पुरतो. मात्र हिशेब पेजचा असतो, बहुतेक ठिकाणी ४०९६ बाइटचा, आणि लॉक एकावर एक साठत नाहीत. एकाच पेजवर दोन की असतील तर एकीसाठी केलेला मनलॉक (लॉक काढणारा कॉल) दुसरीलाही उघडी पाडतो. म्हणून कीजसाठी स्वतंत्र, पेजच्या सीमेवर सुरू होणारी जागा घ्या. लॉक केलेली मेमरी हायबरनेट करताना डिस्कवर जातेच, कोर डंपमध्येही (प्रोसेस कोसळताना लिहिली जाणारी मेमरीची प्रत) उतरते. डंपसाठी एमअ‍ॅडव्हाइजचा डोन्टडंप वापरा, हायबरनेट बंद ठेवा.

डेटाबेसला बहुतेकदा यातलं काहीच नको. ह्यूज पेजेस, म्हणजे नेहमीपेक्षा खूप मोठी पेजेस, द्या. लिनक्सवर आधी राखून ठेवलेली ह्यूज पेजेस स्वॅप होत नाहीत आणि टीएलबीवरचा (प्रोसेसरमधल्या मेमरी-पत्त्यांच्या कॅशवरचा) ताणही हलका होतो. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स १६ जीबी असतील तर २ एमबीची ८१९२ पेजेस आणि वर थोडी जास्तीची.

हक्कांचं: रूट नको असेल तर आयपीसी लॉक ही कॅपेबिलिटी (रूटच्या हक्कांपैकी एक सुटा हक्क) द्या किंवा मेमलॉक मर्यादा वाढवा. ती मुळात ६४ केबी असायची, लिनक्स ५.१६ पासून ८ एमबी झाली. लिमिट्सच्या फाइलमधला आकडा लॉगिन सेशनला लागतो, सिस्टमडीच्या सर्व्हिसला नाही. तिथे युनिट फाइलमध्ये लिमिटमेमलॉक लिहावं लागतं. ‘माझ्या टर्मिनलवर चालतं, सर्व्हिस म्हणून चालत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

लॉक खरंच लागलं का ते प्रॉकमधल्या (/proc) त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये, व्हीएम-एलसीके (VmLck) या ओळीत पाहा. मग ९ वाजायच्या आधी, प्री-ओपन (बाजार उघडण्यापूर्वीचं सत्र) सुरू होण्यापूर्वी, मेजर फॉल्टचा आकडा टिपा आणि ९.१५ नंतर पुन्हा बघा. वाढला असेल तर लॉक लावल्यानंतर कुठेतरी फोर्क किंवा एक्झेक होतोय का, ते आधी तपासा.