बोलिंजर स्पेशल क्यूवे: तळलेल्या सुंगटांपुढे टिकणारी शॅम्पेन

लग्नात बूच उडवायचं, फोटो काढायचा आणि दोन घोट घेऊन ग्लास कुठेतरी ठेवून द्यायचा, एवढ्यासाठी शॅम्पेन हवी असेल तर ही घेऊ नका, पैसे वाया जातील. ही जेवणाबरोबर प्यायची. गोव्यात फोंड्याला घरी रवा लावून तळलेल्या सुंगटांबरोबर, म्हणजे कोळंबीबरोबर काढली, अशी जमली की विचारू नका! हुमणाबरोबर, म्हणजे आपल्या माशाच्या आमटीबरोबर मात्र नाही हं, नारळ, तिरफळं आणि आंबटपणा समोर आला की तिची चवच हरवते.

बोलिंजर हे फ्रान्समधल्या आयी गावचं घराणं, १८२९ पासूनचं, आणि अजूनही कुटुंबाच्याच मालकीचं, नाहीतर शॅम्पेनमधली किती मोठी नावं आज बड्या ग्रुपांच्या खिशात आहेत. १९४१ मध्ये नवरा गेला आणि लिली बोलिंजर बाईंनी कारभार हातात घेतला, तोही ऐन जर्मनांच्या ताब्यात गाव असताना, सायकलवरून द्राक्षमळे बघत फिरायच्या त्या. १९७१ पर्यंत त्यांनीच सांभाळलं सगळं.

आता खरी गंमत. क्यूवे म्हणजे मिश्रण, यात ६० टक्के पिनो न्वार, म्हणजे काळी द्राक्षं, पण सालं लगेच बाजूला करतात म्हणून रस पांढराच, २५ टक्के शार्दोने ही पांढरी द्राक्षं आणि उरलेली मनिये ही आणखी एक काळी जात. बाकी बहुतेक जण स्टीलच्या टाक्यांत आंबवतात, हे लोक बरीचशी वाईन जुन्या ओक पिंपांत आंबवतात, पिंपं दुरुस्त करायला कारागीरसुद्धा घरचाच. पिंप जुनं असल्यामुळे लाकडाचा वास चढत नाही, फक्त थोडी हवा लागते आणि वाईन भरदार होते. वर मागच्या वर्षांच्या राखून ठेवलेल्या वाईन्स, त्या दीड लिटरच्या बाटल्यांत खऱ्या बुचाखाली वर्षानुवर्षं मुरत पडलेल्या असतात, त्या यात मिसळतात. शॅम्पेनच्या नियमाने बाटली तळघरात १५ महिने मुरली तरी पुरे, हे दुपटीपेक्षा जास्त थांबतात. म्हणून तो भाजलेल्या बदामाचा, पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, ताज्या पावाचा वास येतो. साखर कमी, फेस बारीक.

बर्फात गाडू नका. आपल्याकडे उकाडा म्हणून लोक एकदम गार करतात आणि मग फक्त आंबट पाणी लागतं. ८ ते १० डिग्री बास, आणि तो उंच चिंचोळा ग्लास नको, साधा व्हाईट वाईनचा घ्या.

किंमत? जबरी. गोव्यात दारू स्वस्त हे फेणीला आणि बियरला ठीक, बाहेरून आलेल्या बाटलीवर कस्टम ड्युटी आधीच बसलेली असते. आणि घेताना बाटली कुठे ठेवलीय ते बघा, एका दुकानात ही ट्यूबलाईटखाली, एसी नाही, उन्हाच्या बाजूला उभी होती, तिथून मी नाही घेतली. दहा-पंधरा माणसांची पार्टी असेल तर नाशिकची स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळणारी वाईन आणा सरळ, ही दोघातिघांत आणि ताटात मासळी असताना.