आयर्लंडची दोन सार्वमतं: २०१८ला सरकार जिंकलं, २०२४ला का हरलं?

सार्वमत आत्ता घ्यावं की थांबावं, हा पेच ज्यांच्यापुढे आहे त्यांनी ही दोन सार्वमतं शेजारी ठेवून बघावीत. दोन्ही वेळा पंतप्रधान एकच: लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २५ मे २०१८ला गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवायला ६६.४ टक्के मतदारांनी होकार दिला. ८ मार्च २०२४ला कुटुंबाची व्याख्या रुंदावणारा प्रस्ताव ६७.७ टक्क्यांनी, तर घरातल्या देखभालीविषयीचा ७३.९ टक्क्यांनी फेटाळला.

पक्षांचा पाठिंबा मोजत बसू नका. २०२४ला प्रमुख विरोधी पक्षही सरकारच्या बाजूने होते. २०१८ला मात्र फियाना फॉल या प्रमुख विरोधी पक्षाने आपल्या लोकप्रतिनिधींना मोकळीक दिली होती आणि त्यातले बरेच जण विरोधात उभे राहिले.

खरा फरक तयारीत आहे. २०१२ साली आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात बेळगावच्या सविता हलप्पनवार यांना गर्भपात नाकारला गेला आणि त्यांचा मृत्यू झाला. तेव्हापासून हा विषय घराघरात बोलला जात होता. पुढे ९९ नागरिकांच्या सभेने तज्ज्ञांना ऐकून शिफारशी केल्या, संसदीय समितीने त्या तपासल्या. मतदानाआधीच सरकारने पुढच्या कायद्याची रूपरेषा मांडली: पहिल्या १२ आठवड्यांपर्यंत कारण न विचारता परवानगी. 'हो' म्हटलं तर काय होईल, हे मतदाराला ठाऊक होतं.

२०२४च्या आधीही नागरिकसभा बसली होती, पण तिने सुचवलेलं सरकारने पातळ केलं. कुटुंबाच्या व्याख्येत विवाहाच्या जोडीला 'टिकाऊ नातं' घातलं. टिकाऊ कशाला म्हणायचं? ते न्यायालय ठरवेल, असं उत्तर मिळालं. वारसाहक्काचं काय, या प्रश्नावर अशा उत्तराने कुणाचं समाधान व्हावं? देखभालीबाबत तर, घरच्यांनी केलेल्या देखभालीला आधार द्यायला शासन फक्त 'प्रयत्नशील' राहणार होतं. त्यामुळे एरवी बदलाच्या बाजूने असणारे अपंग-हक्क कार्यकर्तेही विरोधात गेले. मतदान ६४.१ वरून ४४.४ टक्क्यांवर घसरलं.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: पुढच्या कायद्याचा मसुदा हातात नसेल, तर तारीख जाहीर करू नका.

राहिली नेत्याची लोकप्रियता. तिचा भरवसा धरणाऱ्यांनी गोवा आठवावा. जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या पक्षाला हवं असलेलं महाराष्ट्रातलं विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मतदारांनी सत्ता पुन्हा बांदोडकरांच्याच हाती दिली.