आठ महिने, एक स्कॅनर आणि आत्याची ट्रंक

फिल्मही स्कॅन करता येते असा फ्लॅटबेड स्कॅनर घेतला, त्याला आता आठ महिने झाले. आत्याच्या ट्रंकेतले फोटो, निगेटिव्ह आणि पत्रं वाचवायची होती, म्हणून घेतला. सविस्तर लिहिते आहे, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पहिले तीन महिने वाया गेले नसते.

आधी यंत्राबद्दल. स्वस्त आणि पातळ स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो. सपाट कागदाला तो उत्तम. पण जुने फोटो सपाट नसतात. कडा वळलेल्या असतात, काही पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात, आणि फोटो काचेपासून जरासा जरी वर राहिला तरी चेहरे धूसर येतात. सीसीडी सेन्सरचा स्कॅनर जाड, जड आणि महाग असतो, पण असे फोटो तो नीट टिपतो. या कामासाठी तोच घ्यावा. वळलेला फोटो दाबून सपाट करू नका, वरचा थर तडकतो.

प्रिंट मी ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफमध्ये, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलीत, ठेवते. चार बाय सहाचा एक रंगीत स्कॅन साधारण २६ एमबीचा होतो. पासपोर्टएवढे फोटो १२०० ला. काकांच्या आग्फा क्लिक थ्रीच्या चौकोनी निगेटिव्ह २४०० ला, एकेकीला तीन-चार मिनिटं जातात. धूळ आणि ओरखडे आपोआप काढायची सोय आहे, पण ती इन्फ्रारेड प्रकाशावर चालते. कृष्णधवल फिल्मवरची चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे तिथे ती कामाची नाही. हवेचा पंप आणि मऊ ब्रश एवढंच खरं. ऑटो क्रॉप पहिल्याच दिवशी बंद करा. तो पांढऱ्या कडा कापतो आणि स्टुडिओचा शिक्का बऱ्याचदा त्या कडेवरच असतो. सहाव्या महिन्यात माझ्या स्कॅनरच्या काचेला आतून धुरकट थर आला. दुरुस्तीला तीन आठवडे गेले. पावसाळ्यात यंत्र झाकून, कोरड्या कपाटात ठेवा.

आता माझी चूक. पहिले तीन महिने रोज रात्री एकटीने बसून नऊशेच्या वर फोटो स्कॅन केले. वाटलं, आधी सगळं संगणकावर येऊ दे, मग आत्याला एकदा बसवून विचारू. शिवाय बऱ्याच फोटोंवर तपकिरी, लाटांसारखे डाग होते, ते सॉफ्टवेअरने पुसत बसले.

आत्या ८१ वर्षांची आहे. तिला छापील फोटोतलं बारीक दिसत नाही, म्हणून एका रविवारी लॅपटॉपवर फोटो मोठा करून दाखवला. पुण्यातल्या नारायण पेठेतल्या वाड्याचा चौक, सात-आठ माणसं, मध्ये खुर्चीवर आजी. घरात सगळे म्हणत, हा थोरल्या काकांच्या लग्नातला, १९५८चा. मी चेहरे मोठे करत होते आणि आत्या मागच्या भिंतीकडे बघत होती. दाराच्या वर एक गडद पट्टा होता.

"अगं, तो रंग नाही. पाणी आहे ते, पानशेतचं."

१२ जुलै १९६१. पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं. आत्या तेव्हा सतरा वर्षांची होती. पुढची चाळीस मिनिटं ती बोलत राहिली. आजीने देव पदरात बांधून घेतले होते. पाणी ओसरल्यावर चिखलातून काढलेले फोटो बादलीत धुऊन दोरीवर वाळत घातले होते. आणि हा फोटो घर धुऊन झाल्यावर, सगळी माणसं वाचली म्हणून काढलेला. जे डाग मी पुसत होते, ते त्या पाण्याचे होते. नशिबाने मूळ टिफ फाइली मी जपून ठेवल्या होत्या. आता डागांना हात लावत नाही.

त्या दिवसापासून क्रम बदलला. ट्रंकेतून दहाच फोटो काढायचे, आत्यासमोर ठेवायचे, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायचं, पंखा बंद, फोन टॉवेलच्या घडीवर. "हे कोण?" असं विचारलं तर फक्त नाव मिळतं. "इथे काय चाललंय?" विचारलं की घर उघडतं. स्कॅन नंतर, आणि फोटोची मागची बाजूही न चुकता.

पत्रांचं निराळं. ती तारेत ओवलेली होती, प्रत्येकाच्या मधोमध भोक. आंतर्देशीय पत्राचा कागद पातळ, मागची शाई पुढे दिसते. मागे काळा कागद ठेवला की अक्षर स्वच्छ येतं. तारीख पुसलेली असेल तर पत्ता आणि तिकीट बघा. तिकिटावर 'नये पैसे' असेल तर पत्र १९५७ ते १९६४च्या आसपासचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पणजोबांच्या पत्रांवर शके आहे, त्यात ७८ (जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या पत्रांत ७९) मिळवले की इसवी सन मिळतो. त्यांची मोडीतली पाच पत्रं मात्र वाचून घ्यायची राहिली आहेत.

एक गोष्ट मनाला लागली. तारेतली सगळी पत्रं स्कॅन केली, बारशी, मुंजी, नोकऱ्या, मनीऑर्डरी सगळं सापडलं, पण मृत्यूची बातमी एकाही पत्रात नाही. मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "तसलं पत्र वाचून फाडायचं. घरात ठेवत नाहीत." त्यामुळे कोण कधी गेलं, कशाने गेलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते तिच्याच तोंडून ऐकून मी वहीत उतरवते आहे. आजवर अकरा नावं झाली.

नातेवाइकांना फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर सगळी मेहनत आक्रसून जाते. माझ्याकडे दोन हार्ड डिस्कवर प्रती आहेत, तिसरी नागपूरच्या भावाकडे.

स्कॅनरला पाचपैकी चार तारे. एक काचेच्या धुरासाठी कापला. या रविवारी निळ्या रुमालात बांधलेलं पुडकं सोडायचं आहे. आत्या म्हणते, ते तिच्या आईने पुराच्या वेळी देवांबरोबर घेतलं होतं.