जुनी पिकअप घ्यायच्या आधी चेसिसवरचा प्रायमर खरवडा: माझे 2,82,800 रुपये कसे गेले

हे लिहू की नको यात तीन आठवडे गेले. लाज वाटत होती. मी 24 वर्षं टूलरूममध्ये काढलेली आहेत, लोखंड बघून सांगतो की कुठे हात फिरलाय, आणि मलाच एका पस्तिशीच्या पोराने भंगार विकलं. पण काल त्याच माणसाशी बोलणी करत असलेल्या एकाचा मला फोन आला, आणि म्हटलं, आता गप्प बसणं हा गुन्हा होईल.

आकडे आधीच सांगतो. गाडीचे 1,65,000. त्यात 15,000 टोकन यूपीआयने, 1,10,000 बँकेतून आणि 40,000 रोख, गाडी क्रेनवर चढत असताना. या 40,000 ची पावती नाही. गाडी घरी आणायला 14,500. ‘व्हिंटेज नंबर’ काढून देतो म्हणून घेतलेले 25,000. आणि पाच महिन्यांत मी स्वतःच्या हाताने तिच्यावर घातलेले 78,300: किंगपिन, ब्रेकचे सिलिंडर, पाट्यांचे बुश, रेडिएटरचा कोअर, पूर्ण वायरिंग, मागच्या ट्रेसाठी चॅनेल आणि पत्रा. बेरीज करून बघा, 2,82,800. माझ्या मेहनतीचे रविवार यात धरलेले नाहीत.

गाडी म्हणजे महिंद्राची एफसी-150. चपट्या तोंडाची, ड्रायव्हर पुढच्या चाकावर बसतो आणि इंजिन दोन सीटच्या मधे झाकणाखाली असतं. मूळची ही विलीजची अमेरिकन गाडी, महिंद्राने ती आपल्याकडे बनवली. लहानपणी गावात रॉकेल घेऊन अशीच एक यायची, तेव्हापासून ते तोंड डोक्यात बसलेलं. विकणारा म्हणाला, हरिकेन इंजिन आहे. त्याची खूण अशी: इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, ते मी हेड उघडून पाहिलं आणि ते खरं निघालं. म्हणूनच सांगतो, इंजिन खरं निघालं म्हणजे गाडी खरी, असं अजिबात समजू नका. इंजिन चार बोल्टवर निघतं आणि दुसऱ्या गाडीवर बसतं.

माझं ठरलेलं होतं: केबिन आहे तशी ठेवायची, इंजिनाच्या जागी नंतरच्या काळातल्या जीपचं डिझेल बसवायचं, पुढे डिस्क ब्रेक, मागे लाकडी फळ्यांचा ट्रे. सगळं घरी, माझ्या शेडमध्ये. वेल्डिंग मला येतं, लेथ ओळखीच्याकडे आहे. पैसे दोन वर्षं बाजूला टाकत होतो. कोणाचं कर्ज काढून केलेला शौक नाही हा.

आता तो क्षण, जो मला झोपू देत नाही.

त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. मी माझं लोहचुंबक घेऊन गेलो होतो. दोन्ही दारं, केबिनचे कोपरे, चाकावरचे मडगार्ड, सगळीकडे लावून पाहिलं. डाव्या दाराखाली चिकटलं नाही, पुट्टी होती, ती मी दाखवली आणि त्यावर 5,000 कमी करून घेतले. त्या 5,000 चा मला केवढा आनंद झाला होता! मग टॉर्च घेऊन खाली वाकलो. अख्ख्या चेसिसवर पन्नास वर्षांचा गंज, ग्रीसमध्ये घट्ट झालेली माती, आणि उजव्या रेलवर, म्हणजे चेसिसच्या लांब दांड्यावर, पुढच्या चाकाच्या मागे, साधारण वीतभर जागेवर लाल प्रायमर. फक्त तेवढ्याच जागेवर. बोट लावलं तर बोटाला किंचित चिकटलं. म्हणजे आदल्या दिवशी मारलेला असणार.

मी विचारलं, “इथेच का मारलाय?”

तो म्हणाला, “काका, नंबर तिथे आहे ना. गंज चढून नंबर गेला तर पासिंगला त्रास. तुम्ही जाणकार माणूस, तुम्हाला काय सांगायचं.”

प्रायमरमधून नंबर दिसत होता. आरसी बुकातल्या नंबराशी मी एकेक अक्षर जुळवलं. जुळला. मी उठलो, गुडघे झटकले आणि टोकन दिलं.

खिशात पेन्सिल होती. आरटीओत चेसिसचा ठसा कसा घेतात हे मला माहीत आहे, कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी फिरवायची. दोन मिनिटांचं काम. चाकूने प्रायमर खरवडायला आणखी दोन मिनिटं. चार मिनिटं मी दिली नाहीत. कोणी काहीही म्हणो, तुम्ही द्या. विकणारा खरवडू देत नसेल तर तिथूनच मागे फिरा, टोकन गेलं तरी चालेल.

आणि टेपसुद्धा होती माझ्याकडे! शेडच्या दारातून गाडी आत जाईल का, म्हणून मी तिची रुंदी आणि उंची मोजली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, मोजला नाही. विलीजच्या एफसी-150 चा व्हीलबेस 81 इंच असतो आणि सीजे-3बी जीपचा 80. माझ्या गाडीचा 80 भरला, म्हणजे खालचा चेसिस जीपचा. घरी, पाच महिन्यांनी.

घाई लावणं, “दुसरं गिऱ्हाईक रविवारी येतंय”, अर्ध्या किमतीचं आमिष, हे सगळं तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. त्याने त्यातलं काही केलं नाही. त्याने खऱ्या गोष्टी सांगितल्या, तिथेच मी फसलो. जुन्या गाडीचं रेकॉर्ड ऑनलाइन दिसत नाही, बॅकलॉग एंट्री करावी लागते, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवावी लागते, म्हणाला. हे खरं आहे, पुष्कळ जुन्या गाड्यांचं तसंच असतं. 50 वर्षांवरच्या गाडीला व्हीए, म्हणजे व्हिंटेज, सिरीजचा नंबर मिळतो, सरकारी फी 20,000, म्हणाला. हेही खरं, जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी दुरुस्ती झाली आहे. त्याने 20,000 फीचे आणि 5,000 एजंटचे घेतले. पण त्याच नियमात पुढे लिहिलंय की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली नको. शिवाय ज्या गाडीची इथे आधीच नोंदणी आहे तिला तिचा जुना नंबरच ठेवता येतो. आणि तो नंबर घेतला तरी ती गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे डिझेल इंजिन घालून बाजारहाटाला फिरवायच्या पिकअपला हा नंबर लागूच नाही. मी त्याला माझा बेत सांगितला होता. तो म्हणाला, “आधी नंबर घ्या, मग इंजिन बदला, कोण बघतंय.” कायदा वाकवायची गोष्ट इतक्या सहज बोलणारा माणूस माझ्याशी सरळ वागेल, असं मी का धरून चाललो?

नियम स्वतः वाचा. एजंटकडून ऐकू नका.

जुलैमध्ये चेसिस साफ करायला घेतला. ग्राइंडरला कप ब्रश लावला होता. त्या लाल जागेवर आलो, प्रायमर उडाला, आणि खाली आयताच्या चारी बाजूंनी वेल्डिंगची कड दिसली. घासून सपाट केलेली, पण दिसली. साधारण सहा इंच लांब, दोन इंच रुंद तुकडा, दुसऱ्या गाडीच्या चेसिसमधून कापून इथे बसवलेला. तुकड्याच्या लोखंडाचा पोत वेगळा, जाडीही थोडी कमी. आजूबाजूला जुन्या नंबरावर ग्राइंडर फिरवल्याच्या तिरक्या रेघा होत्या. मशीन बंद केली आणि तिथेच खाली बसलो. आतून बायको चहाला हाक मारत होती, मला उत्तर देता येईना.

आरसीवरच्या पत्त्यावर गेलो. ते घर सापडलं, हे माझं नशीब. मालकाचा मुलगा भेटला, साठीचा सज्जन माणूस. म्हणाले, “बाबांनी ती गाडी 1996 साली भंगारात दिली.” बाबांना जाऊनही अकरा वर्षं झाली होती. माझ्याकडच्या टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 वर आणि 30 वर, त्यांची सही आहे, तारीख याच वर्षीची. मुलाने तो कागद हातात घेतला, सही बघितली आणि काही न बोलता परत दिला. मग आत जाऊन बाबांच्या पासबुकावरची सही दाखवली. दोन्हीचा काही संबंध नव्हता.

आरसीवरच्या मालकाला समोर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तो वारला असेल तर वारसाच्या नावावर गाडी फॉर्म 31 ने आधी चढते, मग विकली जाते. आधीच सह्या करून ठेवलेले फॉर्म कोणी दाखवले, तर ते माझ्यासारखे घडी घालून खिशात ठेवू नका.

इथपर्यंत माझी चूक होती, मान्य आहे. यापुढचं जे सांगतो त्यात माझी चूक नाही.

पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, व्यवहार आमच्या हद्दीत झालेला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते. मी तसं बोललो, तर “वकील आहात का?” असा प्रश्न आला. दुसऱ्या ठाण्यात, जिथे व्यवहार झाला तिथे, अडीच तास बाकावर बसवलं आणि म्हणाले, हे दिवाणी स्वरूपाचं आहे, कोर्टात जा. मेलेल्या माणसाची खोटी सही आणि चेसिसवर वेल्डिंग करून बसवलेला नंबर, यात दिवाणी काय आहे? फसवणुकीला न्याय संहितेचं कलम 318 आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिसऱ्या खेपेला तक्रार अर्ज घेतला, शिक्का मारून दिला. गुन्हा नाही, अर्ज. आणि जाताना एकाने हळू आवाजात सांगितलं, “नंबर छेडलेली गाडी तुमच्याच घरात आहे, जास्त ताणू नका, तुमच्यावरच येईल.” त्या रात्री मी शेडला दोन कुलपं लावली. चोर मी नाही, पण लपवत मी होतो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पाच महिने झालेले, शिवाय माणसाला समोरासमोर भेटून दिलेले पैसे, त्यामुळे तिथे काही होणार नव्हतं. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि लगेच कळलं असेल तर त्या नंबरावर पहिल्या तासातच फोन करा.

आरटीओत तर तीन खिडक्या. पहिलीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने एजंटकडे. शेवटी साहेब म्हणाले, गाडी आणा, बघू. रस्त्यावर चालवता न येणारी गाडी क्रेनवर घालून नेली, येऊन-जाऊन 9,000 रुपये, वरच्या बेरजेत हे नाहीत. साहेबांनी उभ्या उभ्या खाली वाकून बघितलं, अर्धा मिनिटही नाही. “तुकडा बसवलाय. भंगारात द्या.” म्हटलं, हेच एका ओळीत लिहून द्या, मला पोलिसांना दाखवायचंय. “असं लिहून देता येत नाही.” का येत नाही? तुमच्या डोळ्यांनी बघितलं, तोंडाने सांगितलं, मग कागदावर का नाही?

भंगारात तरी द्यावी म्हणून अधिकृत वाहन भंगार केंद्रात विचारलं. ते आरसी आणि चेसिस नंबर मागतात, आणि दोन्ही खोटे असतील तर गाडी घेत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. पण मग ही गाडी जायची कुठे? साध्या भंगारवाल्याला दिली तर तो चेसिसचा तुकडा पुन्हा कोणाच्या तरी गाडीवर बसेल. 1996 साली भंगारात गेलेल्या गाडीचं असंच झालं असणार. त्या वेळी नोंदणी रद्द करून नंबराचा तुकडा आरटीओत जमा झाला असता, तर आज तो माझ्या शेडमध्ये नसता. स्वतःची जुनी गाडी भंगारात देणाऱ्यांनी एवढं तरी करा: चेसिस नंबर कापल्याचं समोर उभं राहून बघा आणि आरसी रद्द केल्याचा कागद घ्या.

गाडीत बदल करायच्या बाबतीतही एक सांगून टाकतो, कारण त्याचीही मला कोणी नीट माहिती दिली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल मान्य करत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, मग आरसीवर नोंद. हे गाडी घ्यायच्या आधी ठरवा. मी घेतल्यावर वाचलं.

रोख देऊ नका. द्यायचीच वेळ आली तर त्याच जागी, त्याच्याच हाताने पावती लिहून घ्या. माझे 40,000 आता तो नाकबूल करतोय. बँकेतून गेलेले 1,10,000 म्हणे “स्पेअर पार्टचे” होते, कारण पाठवताना मी शेऱ्यात काहीच लिहिलं नव्हतं. गाडीचा नंबर लिहायला मला किती वेळ लागला असता?

तो फोन उचलतो अजून. “काका, मला तरी काय माहीत, मीही दुसऱ्याकडूनच घेतली.” आवाजात काहीसुद्धा फरक नाही.

पोलीस अधीक्षकांकडे टपालाने तक्रार पाठवली आहे, पोचपावती जपून ठेवली आहे. तिथून हललं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. वकिलांनी 15,000 सांगितले आहेत आणि ते मी भरणार आहे. गाडी तोपर्यंत बाभळीच्या चार ठोकळ्यांवर उभी आहे, वायरिंग अर्धं लावलेलं, ट्रेचा सांगाडा भिंतीला टेकवून ठेवलेला. तो तुकडा मी घासून उघडा ठेवला आहे. गंज चढू नये म्हणून दर रविवारी त्यावर तेलाचा बोळा फिरवतो, कारण माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढंच आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी जुनी जीप किंवा पिकअप अशीच ‘जुने रेकॉर्ड, बॅकलॉग करावी लागेल’ म्हणून घेतली असेल, त्यांनी आजच तिच्या खाली जाऊन नंबराभोवतीचा रंग खरवडून बघा. कड दिसली तर फोटो काढा, पट्टी ठेवून माप दिसेल असे. आणि अर्ज तुमच्याही नावाने द्या. एकट्याचा अर्ज ते फाइलला लावून ठेवतात.