रॉकेलची नवी लाईन: नऊ महिने वापरल्यावर

आमचं घर नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, काउंटी डाउनच्या एका खेड्यात. इथे गॅसची लाईन आलेली नाही. मागच्या अंगणात तेलाची टाकी आणि तिच्यात केरोसीन, म्हणजे आपलं रॉकेलच. आई फोनवर म्हणाली, "रेशनच्या रांगेतून सुटलास, आणि तिकडे जाऊन परत रॉकेलच?" या भागात तीनांतली साधारण दोन घरं अशीच तेलावर गरम होतात.

मागच्या हिवाळ्यात तेल भराभर संपू लागलं. मी मुलांच्या लांबलचक अंघोळींना दोष देत बसलो. मग कुंपणापाशी वास यायला लागला, तेव्हा खणलं. टाकीतून घरातल्या बॉयलरला तेल नेणाऱ्या जुन्या नळीचा जोड चक्क जमिनीखाली, तोही सोल्डर केलेला! आगीत सोल्डर वितळतं आणि तेल थेट ज्वाळेत जातं, म्हणून तेलाच्या लाईनला असा जोड चालत नाही. कोणी केला होता देव जाणे.

सप्टेंबरात ऑफटेककडे, म्हणजे तेलाच्या हीटिंगचं काम करणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी असलेल्या माणसाकडून सगळी लाईन बदलली. प्लास्टिकचं आवरण असलेली १० मिलिमीटरची तांब्याची सलग नळी, ४५० मिलिमीटर खोल चर, नळीच्या वर इशाऱ्याची पट्टी, भिंतीतून जाते तिथे स्लीव्ह, म्हणजे बाहेरून संरक्षक नळी. जमिनीत एकही जोड नाही. चर बुजवायच्या आधी मी मोजपट्टी धरून फोटो काढले. उद्या कोणी तिथे झाड लावायला कुदळ घेतली तर कामी येतील. काम संपल्यावर सीडी/१० फॉर्म, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा अहवाल, भरून हातात मिळाला.

खरा फरक आहे फायर व्हॉल्व्हचा, म्हणजे आग लागली की तेल आपोआप बंद करणाऱ्या झडपेचा. आमचा जुना व्हॉल्व्ह स्वयंपाकघरातच, बॉयलरशेजारी होता. म्हणजे आग लागली असती तर तिथपर्यंत तेल घरात येतच राहिलं असतं. आता व्हॉल्व्ह बाहेरच्या भिंतीवर आहे आणि त्याची केशनळी, म्हणजे उष्णता ओळखणारी बारीक नळी, आत बर्नरच्या (बॉयलरमध्ये तेल जाळणाऱ्या भागाच्या) वर टांगलेली. तिथे ठरावीक तापमान झालं की तेल बाहेरच अडतं. मात्र सुरुवातीला ६५ अंशांचा बसवला होता. आमच्या बॉयलरच्या आवरणात एरवीच बरीच उष्णता साचते, त्यामुळे ऐन थंडीत दोनदा उगाच बंद पडला. मग ९० अंशांचा घातला. हे आधीच मोजून बघायला हवं होतं, आणि दुसऱ्या फेरीचे पैसे मी दिले याचा राग अजून आहे.

आमची टाकी बर्नरपेक्षा खाली आहे. त्यामुळे पंपाला तेल ओढून घ्यावं लागतं आणि हवा शिरली की बर्नर बंद. आता बाहेर डीएरेटर बसवलाय, तो तेलातली हवा वेगळी काढतो. फेब्रुवारीत माझ्या आळसाने टाकी रिकामी झाली. पेट्रोल पंपावरून २० लिटरचा ड्रम आणून ओतला, थोडा वेळ थांबून बर्नरचं रिसेटचं बटण दाबलं, दुसऱ्या खेपेला पेटला. पूर्वी अशा वेळी पंपाचा स्क्रू सैल करून हवा काढायची आणि हाताला दोन दिवस रॉकेलचा वास.

टँकर आला की बॉयलर बंद ठेवतो, तास-दोन तासांनी सुरू करतो, म्हणजे ढवळलेला गाळ खाली बसतो. फिल्टर एकदा उघडला, तळाशी चमचाभर पाणी निघालं. पुढच्या सर्व्हिसिंगला बर्नरची लवचीक नळी बदलायची आहे. ती दरवर्षी बदलायची असते, हे मला या माणसाने सांगितलं तेव्हा कळलं. आमची सहा वर्षं तशीच होती.