नारळ नीट निवडून देणारं दुकान (डोंबिवली पूर्व)

माझं माहेर देवगडकडचं. तिथे नुसतं 'नारळ आण' म्हणून भागत नाही. प्यायला शहाळं, मऊ मगज खायला अडसर, साठवणीला असोला म्हणजे न सोललेला, पूजेला शेंडीचा. डोंबिवलीत वीस वर्षं झाली, पण हे शब्द कळणारा दुकानदार मला स्टेशनजवळच्या बाजारातल्या या छोट्या गाळ्यातच भेटला.

मालक केरळचे, मराठी छान बोलतात. नारळ मागितला की आधी विचारतात, "ताई, कशाला हवा?" परवा सोलकढीला हवा म्हटलं. एक उचलून कानाशी हलवला, बाजूला ठेवला. दुसऱ्यात पाणी खळखळलं, तेव्हा शेंडी सारून तिन्ही डोळ्यांवर अंगठा फिरवला. डोळा ओलसर लागला तर तो नारळ ते देतच नाहीत. शेंडी मुद्दाम ठेवतात. डोळे उघडे पडले की नारळ लवकर नासतो. घरी फोडला तर खोबरं जाड, पांढरंशुभ्र. रस इतका दाट निघाला की एका नारळात पाच जणांची कढी झाली. ४५ रुपये वसूल!

त्याच दिवशी ते फोनवर 'नाळिकेरम' म्हणाले आणि मी चमकलेच. हा तर आपलाच नारळ! विचारलं तर म्हणाले, "घरी तेंगा म्हणतो, पण हेही चालतं." संस्कृतात नारिकेल आणि नालिकेर अशी दोन्ही रूपं आहेत, त्यातूनच आपला नारळ आला. हा शब्द मुळात दक्षिणेतून संस्कृतात गेला असं बरेच अभ्यासक मानतात. तमिळ-मल्याळममध्ये नार म्हणजे तंतू. म्हणजे सोडणाच्या, वरच्या जाड सालीच्या, काथ्यावरूनच हे नाव पडलं असणार. मला तरी हे मनापासून पटतं, कारण लहानपणी आजीला काथ्या वळताना रोज पाहिलंय. पोर्तुगीज खलाशांना मात्र त्या तीन डोळ्यांत चेहरा दिसला, आणि त्यांनी त्याला 'कोको', म्हणजे बागुलबुवा, म्हटलं.

एक तक्रार आहे. गणपतीत घरपोच मागवलेल्या पाचांतले दोन खवट निघाले. दुसऱ्या दिवशी करवंट्या घेऊन गेले, तर एक शब्द न बोलता बदलून दिले. तरी सणासुदीला स्वतः जाऊन निवडून घ्या. असोले हवे असतील तर दोन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. अडसर रोज मिळत नाही. मिळाला की मी दोन घेते, एक शेजारच्या मालवणच्या काकूंना.