२ टीबीची एसएसडी म्हणून विकली, आत निघालं ६४ जीबीचं मेमरी कार्ड

ज्यांच्याकडे नवीन घेतलेली पोर्टेबल एसएसडी (केबलने जोडायची, चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) किंवा मोठा पेन ड्राइव्ह आहे आणि त्यावर बॅकअप ठेवून जुन्या मशीनवरचा डेटा उडवायचा विचार चाललाय, त्यांनी तो डेटा उडवायच्या आधी हे वाचा. माझ्यासोबत जे झालं ते कुणासोबतही होऊ शकतं, कारण यात नेहमीची काळजी घेऊनसुद्धा काहीच कळत नाही, आणि तसं कळू नये अशाच पद्धतीने हा माल बनवलेला असतो.

लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायची होती म्हणून एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून २ टीबीची पोर्टेबल एसएसडी मागवली. वरती नावाजलेल्या कंपनीचा लोगो, डबा सीलबंद, रेटिंग चांगलं, किंमत बाकीच्यांपेक्षा जराशी कमी पण संशय यावा इतकी नाही. १६ टीबी, ३० टीबी असलं काहीतरी कवडीमोल भावात विकणारे असतात ते आपण लांबूनच ओळखतो, ही तशी नव्हती. जोडली तर १.८१ टीबी दिसली, जे बरोबरच आहे, कारण कंपन्या १ टीबी म्हणजे १००० जीबी धरतात आणि बऱ्याच सिस्टिम १०२४ च्या हिशोबाने दाखवतात, त्यामुळे १ टीबीची ड्राइव्ह ९३१ जीबी दिसते. त्याला कुणी फसवणूक समजू नका, ते सगळ्यांचं तसंच असतं.

ड्राइव्ह एक्सफॅटमध्येच (लिनक्स, विंडोज दोन्हीला वाचता येणारी फाइली ठेवायची पद्धत) आली होती, विंडोज मशीनलाही लावायची म्हणून तशीच ठेवली. मग आरसिंक या कॉपी करायच्या टूलने होम फोल्डर, व्हर्च्युअल मशीनच्या (कंप्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कंप्युटरच्या) इमेजेस, डेटाबेसचे डंप (पूर्ण प्रती), फोटो असं सगळं कॉपी केलं. एकही एरर नाही. आरसिंक परत चालवलं, म्हणे कॉपी करायला काही उरलंच नाही. फोल्डरचे साइज जुळवले, बरोबर. मधल्या काही फाइल उघडून बघितल्या, उघडल्या. एवढं झाल्यावर कुणीही म्हणेल की बॅकअप झाला. ड्राइव्ह काढली, लॅपटॉप फॉरमॅट केला, नवी सिस्टिम टाकली, ड्राइव्ह परत जोडली आणि बघते तर काही फोल्डर रिकामे, काहींमध्ये फाइलचं नाव आहे, साइज आहे, तारीख आहे, पण उघडली तर आत नुसते शून्य. हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलमधले कच्चे आकडे दाखवणारं टूल) शेवटपर्यंत शून्यच शून्य. व्हर्च्युअल मशीनच्या इमेजेस तर एकही सुरू होईना.

हे कसं होतं ते नीट सांगते, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. ड्राइव्ह किती मोठी आहे हे सिस्टिम स्वतः मोजत नाही, ती ड्राइव्हमधल्या कंट्रोलर चिपला विचारते आणि तो जे सांगेल ते मान्य करते. या लोकांनी कंट्रोलरचं फर्मवेअरच (त्याच्या आतला प्रोग्राम) असं बदललेलं असतं की तो ६४ जीबीच्या चिपवर बसून २ टीबी सांगतो. पहिले ६४ जीबी खरोखर लिहिले जातात. त्यापुढचं लिहायला दिलं की कंट्रोलर "लिहिलं" असं कळवतो आणि डेटा सरळ टाकून देतो. काही ड्राइव्हमध्ये टाकून देण्याऐवजी फिरून जुन्या जागेवर लिहितात, म्हणजे आधीचं चांगलं असलेलंही जातं. फाइल सिस्टिमचे मुख्य तक्ते पार्टिशनच्या सुरुवातीला असल्यामुळे ते खऱ्या चिपवर पडतात, म्हणून ड्राइव्ह व्यवस्थित माउंट होते (सिस्टिमला जोडली जाते), किती जागा भरली तेही बरोबर दिसतं, आणि ज्या फोल्डरची यादी आधी लिहिली गेली त्यातली नावं आणि साइजही दिसतात. जे फोल्डर नंतर बनले त्यांची यादीच खोट्या जागेत गेली, म्हणून ते रिकामे.

मग तेव्हा तपासलं तर सगळं बरोबर का दिसलं? कारण ड्राइव्ह काढेपर्यंत सिस्टिम बरंचसं रॅममधल्या कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) दाखवत असते. नुकतीच कॉपी केलेली फाइल उघडली की ती ड्राइव्हवरून वाचली जात नाही, मेमरीतूनच येते. फोल्डरच्या याद्यांचंही तेच. आणि आरसिंक दुसऱ्यांदा चालवल्यावर फक्त साइज आणि बदललेली वेळ बघतं, आतला मजकूर वाचत नाही, त्यासाठी चेकसमचा (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ऑप्शन वेगळा द्यावा लागतो. पहिल्या कॉपीच्या वेळी ते चेकसम करतं पण ते पाठवलेल्या डेटाचं, डिस्कवर लिहून झाल्यावर परत वाचून बघत नाही. हे मी मुद्दाम एवढं लांबवून लिहितेय कारण "एरर आली नाही म्हणजे कॉपी झाली" ही गोष्ट आपण सगळेच, चांगले वर्षानुवर्षं काम केलेले प्रोग्रामरसुद्धा, गृहीत धरतो आणि विकणाऱ्यांचा सगळा धंदा नेमका त्याच्यावरच चालतो.

कोड बहुतेक रिमोट रिपॉझिटरीत (दूरच्या सर्व्हरवर) पुश केलेला होता म्हणून तो वाचला. डेटाबेसचे डंप, टेस्टसाठी बसवलेल्या मशीन आणि बरेच फोटो गेले. काही फोटो जुन्या एका हार्ड डिस्कवर सापडले, बाकीचे नाहीत. त्याबद्दल आजही संताप येतो, पैशापेक्षा त्याचाच जास्त.

विकणाऱ्याला कळवलं तर त्याची उत्तरं ऐका. आधी म्हणाला एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या पद्धतीत) फॉरमॅट करा. मग म्हणाला तुमची केबल खराब आहे. मग ड्रायव्हर अपडेट करा. मग थोडे पैसे परत देतो, ड्राइव्ह तुमच्याकडेच राहू द्या, फक्त तक्रार मागे घ्या. प्रत्येक उत्तराला मुद्दाम वेळ लावत होता, कारण परत करायची मुदत संपायची वाट बघत होता. हे लक्षात ठेवा, असल्या विक्रेत्याशी चॅटवर वाद घालत बसू नका, पहिल्याच दिवशी बाजाराच्या अधिकृत फॉर्ममधून "नकली वस्तू" या कारणाखाली रिटर्न टाका. "वस्तू आवडली नाही" किंवा "खराब निघाली" असं कारण टाकलंत तर प्रकरण बदलीवर जातं आणि बदली म्हणून तसलीच दुसरी नकली ड्राइव्ह येते. थोड्या परताव्याला हो म्हणू नका, ते घेतलं की तक्रार मिटली असं धरतात.

मला पैसे मिळाले ते शेवटी कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक (बँकेने व्यवहार उलटवून पैसे परत देणं) मागून. तिथे कामाला आला तो खाली सांगितलेल्या तपासणीचा आउटपुट आणि ऑर्डरचं पान. ते पान लगेच सेव्ह करून ठेवा कारण नंतर लिस्टिंगच (वस्तूचं विक्रीचं पान) गायब होते. माझ्या लिस्टिंगचे जुने रिव्ह्यू खाली जाऊन वाचले तेव्हा कळलं की त्यातले निम्मे तर मोबाईलच्या कव्हरबद्दल होते! म्हणजे आधी दुसरीच वस्तू विकून चांगले तारे गोळा केले आणि मग त्याच पानावर नाव, फोटो बदलून एसएसडी टाकली. तेव्हा ताऱ्यांची सरासरी बघून काही उपयोग नाही, रिव्ह्यू कशाबद्दल लिहिलाय ते वाचा. आणि "लवकर आली, पॅकिंग छान" असले रिव्ह्यू खरे असले तरी बिनकामाचे, त्या बिचाऱ्यांनी अजून ड्राइव्ह ६४ जीबीपर्यंत भरलेलीच नसते.

आता तपासायचं कसं. लिनक्सवर एफथ्री नावाचं फुकट टूल आहे, फाइट फ्लॅश फ्रॉड त्याचं पूर्ण नाव, बहुतेक डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या वेगवेगळ्या रूपांच्या) पॅकेजमध्ये मिळतं. त्यातलं एफथ्रीराइट ड्राइव्ह १-१ जीबीच्या फाइलींनी पूर्ण भरतं आणि एफथ्रीरीड त्या परत वाचून किती भाग ठीक, किती खराब, किती ओव्हरराइट झाला ते सांगतं. दोन्हीच्या मधे ड्राइव्ह अनमाउंट करून काढा आणि परत जोडा, नाहीतर वर सांगितलेला कॅशचा घोळ तिथेही होऊ शकतो. घाई असेल तर त्याच पॅकेजमधलं एफथ्रीप्रोब, ते पूर्ण न भरता ठिकठिकाणी लिहून बघतं आणि काही मिनिटांत खरी साइज काढतं. मात्र डिस्ट्रक्टिव्ह ऑप्शन देऊन चालवलंत तर त्यावरचा डेटा जातो, तेव्हा ते रिकाम्या ड्राइव्हवरच करा आणि डिव्हाइसचं नाव लिहिताना चारदा बघा. माझ्या ड्राइव्हवर त्याने सरळ छापलं की हे काउंटरफिट (नकली) आहे, प्रकार लिम्बो, म्हणजे पुढचा डेटा हवेत. बँकेला हाच आउटपुट दिला.

विंडोजवाल्यांसाठी एचटूटेस्टडब्ल्यू आहे, एका जर्मन कंप्युटर मासिकाने काढलेलं, जुनं पण अजून उत्तम चालतं, तेही पूर्ण भरून परत वाचतं. पटकन बघायचं तर व्हॅलिड्राइव्ह, हे २०२३ मध्ये आलं, यूएसबी ड्राइव्हवर सारख्या अंतराने ५७६ ठिकाणी लिहून वाचून बघतं आणि तिथला मूळ डेटा परत जागेवर ठेवतं. तरी माझं मत विचाराल तर नवीन ड्राइव्ह एकदा पूर्ण भरूनच बघावी. वेळ लागतो, हो. खऱ्या एसएसडीला काही तास लागतील. आणि बघा गंमत नाही, धोक्याचीच खूण आहे ही, की नकलीला खूप जास्त लागतात, कारण आत बहुतेक वेळा यूएसबी २ चा रीडर असतो, तो सेकंदाला ३०-४० एमबीच्या वर जात नाही, म्हणजे २ टीबी भरायला साधारण १६ तास. आणि १६ टीबी सांगणारी असेल तर पाचेक दिवस, एवढं कोण थांबणार, म्हणूनच ते आकडे इतके फुगवून छापतात.

वेगावरूनही अंदाज येतो. लिनक्सवर एलएसयूएसबी या कमांडला टी ऑप्शन देऊन बघा, खऱ्या पोर्टेबल एसएसडीच्या ओळीत ५००० एम किंवा १०००० एम (सेकंदाला मेगाबिट) दिसतं आणि ड्रायव्हर बहुधा यूएएस (यूएसबीची नवी, वेगवान पद्धत), माझ्या ड्राइव्हला ४८० एम आणि यूएसबी-स्टोरेज दिसत होतं. हा एकटा पुरावा धरू नका, चार्जिंगच्या केबलने जोडली तर अस्सल ड्राइव्हही ४८० वर येते, म्हणून आधी चांगली केबल लावून बघा. स्मार्टसीटीएल या टूलने स्मार्ट माहिती (ड्राइव्हने स्वतः ठेवलेली आपल्या तब्येतीची नोंद) मागून बघा, नकलीवर सहसा काहीच येत नाही. सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाका, माझा तिथे नव्हताच, पण नंबर सापडला म्हणून ड्राइव्ह अस्सल असं समजू नका, एकाच खऱ्या नंबराचे हजार स्टिकर छापता येतात.

पैसे आल्यावर केस उघडली. छोटा बोर्ड, त्याच्यावर खोचलेलं मायक्रोएसडी कार्ड आणि वजन वाटावं म्हणून गोंदाने चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. पैसे मिळायच्या आधी मात्र अजिबात उघडू नका, उघडलेली वस्तू परत घेत नाहीत आणि ते कारण त्यांना आयतं मिळतं.

हार्ड डिस्कमध्ये वेगळा प्रकार चालतो, सर्व्हरमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या डिस्कचे स्मार्टचे तास शून्य करून नव्या म्हणून विकतात. सीगेटच्या बऱ्याच डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, स्मार्टसीटीएल ज्यात येतं त्या स्मार्टमनटूल्स ७.४ पासून तो वाचता येतो, त्यातले चालू तास आणि स्मार्टमधले तास जुळतात का बघा. जुळले नाहीत तर परत करा.

बॅकअपचं म्हणाल तर मी आता कॉपी करायच्या आधी मूळ फाइलींचे शा-२५६ हॅश (मजकूर जरा बदलला तरी बदलणारे आकडे) काढून ठेवते, ड्राइव्ह काढून परत जोडते आणि ड्राइव्हवरच्या फाइलींशी ते जुळवते, मगच मूळ जागेवरचं काही काढते. विंडोजवर पॉवरशेलमध्ये त्यासाठी गेट-फाइलहॅश ही कमांड आहे. रेस्टिक हे बॅकअप टूल वापरत असाल तर त्याच्या चेक कमांडला रीड-डेटा ऑप्शन द्या, बोर्ग असेल तर व्हेरिफाय-डेटा, नाहीतर ते सगळा डेटा वाचून बघत नाहीत.

आणि हे वाचून कुणाला आत्ताच आपल्या ड्राइव्हबद्दल शंका आली असेल आणि त्यावर डेटा असेल तर सगळ्यात आधी त्यावर लिहिणं थांबवा. तपासायचं टूलही लगेच चालवू नका, फॉरमॅट नको, विंडोजने "दुरुस्त करू का" विचारलं तर नाही म्हणा, कारण फिरून लिहिणारा प्रकार असेल तर प्रत्येक नव्या लिखाणात वाचलेलं जातं. शक्य असेल तर रीड-ओन्ली माउंट करा, जे उघडतंय ते दुसऱ्या डिस्कवर काढा, फाइल सिस्टिमच मोडली असेल तर डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची प्रत घेणारं टूल) पूर्ण इमेज घेऊन त्यावर फोटोरेक (हरवलेल्या फाइली शोधून काढणारं टूल) चालवा. जे खऱ्या चिपवर लिहिलं गेलं तेवढं मिळेल, बाकीचं कधी लिहिलंच गेलेलं नाही, त्यामुळे "हरवलेली जागा परत मिळवून देतो" म्हणणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला किंवा दुकानाला त्यासाठी पैसे देऊ नका.